कलमाचा सांधा आणि कुंडीतले झाड

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायची मांडणी पाहताना एक गोष्ट दरवर्षी लक्षात येते. वड, पिंपळ, उंबर यांच्यापुढे लोक क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. पण हातभर उंचीच्या झाडाला चार संत्री किंवा दोन डाळिंबे लटकलेली असली की तिथे घोळका जमतो. त्या घोळक्यातून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, ‘ही फळं खरी आहेत का?’ आणि दुसरा, जरा जाणकाराच्या आवाजात, ‘झाड कलमी दिसतंय.’ दुसऱ्याला प्रश्नचिन्ह नसते, पण त्यात शंका असते.

बाजारात आंबा घेताना ‘कलमी’ हा शब्द प्रतिष्ठेचा. कलमी आंबा मखमलीत आणि रायवळ पाटीत, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बोन्सायच्या दुनियेत मात्र हेच उलटे होते. तिथे बीपासून वाढवलेले झाड खानदानी आणि कलमी झाड म्हणजे रोपवाटिकेतून आणून छाटलेला तयार माल. एकच शब्द एका अंगणात शाबासकी आणि दुसऱ्या अंगणात ठपका कसा ठरतो, हे समजून घेण्यासाठी मी गेली काही वर्षे रोपवाटिका, फळबागा आणि माझ्या गच्चीतल्या कुंड्या या तिन्हींकडे त्या नजरेने पाहतो आहे. या लेखात मांडायचे आहे ते इतकेच, की फळझाडाचा बोन्साय करायचा तर कलम टाळून फारसे चालत नाही. आणि रोपवाटिकेतले कलम जसेच्या तसे उचलूनही चालत नाही.

सांध्यात नेमके काय घडते

कलम ही काही परक्यांनी आणलेली विद्या नव्हे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा झाडांची फांदी शेणाने लिंपून लावावी किंवा दुसऱ्या झाडाच्या मुळाशी अथवा खोडावर बसवावी, असे सांगितले आहे. पुढे पोर्तुगीजांच्या काळात, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या हातून, गोव्यात आंब्यावर कलमे बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. हापूस, मानकुराद, फर्नांदिन ही नावे त्या काळाची साक्ष आहेत. हापसाची कोय लावून हापूस मिळत नाही. म्हणून आज कोकणात उभे असलेले प्रत्येक हापसाचे झाड हे कधीतरी कुणीतरी निवडलेल्या झाडाचाच, हातोहात पुढे आलेला तुकडा आहे.

कलमात दोन भाग असतात. खालचा मुळांसकटचा खुंट आणि वर बसवलेली कलमकाडी, किंवा नुसता डोळा. झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक अतिशय पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. त्याला कँबियम म्हणतात. झाडाची जाडी वाढते ती याच थरामुळे. आतल्या बाजूला तो लाकूड तयार करतो, बाहेरच्या बाजूला साल. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला, की दोन्हीकडून मऊ पेशींचा भरणा होतो, त्यातून नवा सलग थर तयार होतो आणि पाणी, अन्नरस यांचे मार्ग जुळतात.

इथे एक बारकावा आहे आणि बोन्सायच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. जुने लाकूड जुन्या लाकडाला कधीच चिकटत नाही. कापलेले दोन पृष्ठभाग आत तसेच राहतात. सांधा मजबूत होतो तो त्यावर वर्षानुवर्षे चढणाऱ्या नव्या लाकडाच्या थरांमुळे. म्हणजे झाड जितक्या जोमाने जाड होईल तितका सांधा बुजेल. बागेतल्या आंब्याचा सांधा दहा-पंधरा वर्षांत शोधूनही सापडत नाही, तो यामुळे. उथळ कुंडीत मात्र झाड जाड होण्याचा वेग मुद्दाम रोखलेला असतो. म्हणून कोवळे कलम आणून थेट बोन्सायच्या तबकात बसवले, की सांधा ज्या अवस्थेत आला त्याच अवस्थेत जवळजवळ गोठून राहतो. पुढे वीस वर्षे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात खुपतो.

फळ हवे तर कलम का हवे

बीपासून उगवलेल्या झाडाला माणसासारखेच बालपण असते. त्या काळात त्याला कितीही खत-पाणी घाला, फूल येत नाही. रायवळ आंब्याला कोयीपासून पहिला मोहोर यायला साधारण 6 ते 10 वर्षे लागतात. संत्र्या-मोसंबीच्या बीपासून झालेल्या रोपांना सुरुवातीची काही वर्षे लांबलचक काटे येतात. हे काटेही बालपणाचेच लक्षण. हे बालपण संपायला नुसती वर्षे जाऊन भागत नाही, झाडाने पुरेशी वाढ करावी लागते. बोन्सायमध्ये तर आपण दर काही आठवड्यांनी शेंडा खुडतो, फांदी आखडतो, मुळे कापतो. म्हणजे वयात येण्यासाठी झाडाला जी वाढ हवी तीच आपण काढून घेतो. त्यामुळे कोयीपासून कुंडीत वाढवलेले आंब्याचे झाड पंधरा वर्षांचे होऊनही मोहरत नाही, यात नवल नाही.

कलम इथे मदतीला येते. काडी फळत्या झाडावरून घेतलेली असेल, तर ती त्या झाडाची प्रौढता सोबत घेऊन येते. खुंट सहा महिन्यांचा असला तरी वरचा भाग वयात आलेलाच असतो. म्हणून आंब्याच्या कलमाला कधी कधी लावल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मोहोर फुटतो आणि बागाईतदार तो खुडून टाकतो. झाड ‘लहान’ असणे आणि झाड ‘बाल’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोन्सायला लहान आणि प्रौढ झाड हवे असते. निसर्गात ही जोडी फार क्वचित जुळते. कलमात ती पहिल्या दिवसापासून असते.

जपानमध्येही कलमाला कमी लेखत नाहीत. पाच-पाच सुयांचा गोयोमात्सू पाईन तिथे काळ्या पाईनच्या खुंटावर बांधण्याची जुनी रीत आहे. खालची भेगाळ साल आणि वरची गुळगुळीत साल यांतला फरक अशा झाडांत ओळखू येतो. शिंपाकू ज्युनिपरच्या जुन्या, वाळक्या लाकडाने नटलेल्या खोडावर इतोइगावा या प्रकारची दाट पालवी कलम करून घेतात. फुलांसाठी प्रसिद्ध असलेली उमे, म्हणजे जपानी जर्दाळू, बहुधा कलमीच असते. फळांच्या बोन्सायला जपानीत ‘मिमोनो’ असे स्वतंत्र नावच आहे. आक्षेप कलमाला नाही. तो उघड्या पडलेल्या, वाईट सांध्याला आहे.

शेतकऱ्याचे कलम, बोन्सायचे कलम

रोपवाटिकेतले कलम शेतकऱ्यासाठी बांधलेले असते, आपल्यासाठी नव्हे. त्यामुळे त्याचे गुण आपल्याकडे येऊन दोष बनतात. नागपुरी संत्र्याचे उदाहरण घेऊ. विदर्भात संत्र्याचा डोळा प्रामुख्याने जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. जमिनीतल्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे संत्र्याच्या खोडाला डिंक्या होतो. खुंट या रोगाला तुलनेने जास्त दाद देत नाही. म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच असावा, असे शेतकऱ्याला आवर्जून सांगतात. सल्ला अगदी योग्य आहे. पण ज्या झाडाची एकूण उंचीच दीड-दोन वीत ठेवायची, त्याच्या खोडाच्या ऐन मध्यावर गाठ आली तर? शेतकऱ्याला सांधा उंच हवा आणि आपल्याला मातीलगत. एवढ्या एका वाक्यात सगळा झगडा सामावतो.

म्हणून रोपवाटिकेत गेलो की मी पाने, फळे काही न पाहता आधी खाली वाकतो. आंब्याच्या बाबतीत कलम कोणत्या पद्धतीचे आहे हे विचारून घेतले तर अर्धे काम होते. भेट कलमात कुंडीतला खुंट मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन बांधतात. तिथे सांधा बराच वर असतो. कोय कलमात नुकत्याच उगवलेल्या, तांबूस पानांच्या, दोन आठवड्यांच्या आतल्या कोवळ्या रोपावर पाचर बसवतात, त्यामुळे सांधा कोयीच्या जवळ येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हे तंत्र गावोगाव पोचवले. आता कोकणातल्या रोपवाटिकांत कोय कलमे सहज मिळतात, आणि बोन्सायसाठी घ्यायची तर तीच घ्यावीत. पुढे कुंडी बदलताना रोप थोडे खोल बसवले की सांधा मातीच्या रेषेत जातो.

सांध्याचे दोष साधारण तीन प्रकारचे असतात. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर खोडाला पायरी पडते. ही पायरी तळाशी असली तर चालून जाते, कारण खाली जाड आणि वर निमुळते हे खोडाचे स्वाभाविक रूपच आहे. दुसरा प्रकार काडी जाड आणि खुंट बारीक. यात खोड खाली अरुंद आणि वर रुंद होते आणि झाड बाटलीवर बाटली उलटी ठेवल्यासारखे दिसते. हा दोष वाढीबरोबर वाढतच जातो. तिसरा, दोन्हीकडून फुगलेली गाठ. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोषाचे झाड कितीही स्वस्त मिळाले तरी, गुटी बांधण्याचा विचार नसेल तर, घेऊ नये.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘डॉर्फ कलम’ म्हणून विकले जाणारे झाड आपोआप बोन्साय होत नाही. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून आलेला एम-9 हा सफरचंदाचा बुटका खुंट जगभर वापरतात. त्यावरचे झाडही माणसाच्या डोक्यावर जाते. त्याची मुळे ठिसूळ असतात आणि झाडाला जन्मभर आधाराची काठी लागते. बोन्सायच्या तळाशी मुळांचा जो चौफेर, घट्ट पसारा हवा असतो, ज्याला जपानी लोक नेबारी म्हणतात, तो असल्या खुंटावर मिळणे अवघड. पुसा संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली ही बुटकी जात कुंडीत फळते हे खरे, पण तिचेही पान हातभर लांबच राहते. बुटकेपणा आणि बोन्सायपणा यांचा संबंध योगायोगाइतकाच आहे.

सांध्याचे काय करावे: तीन मार्ग

पहिला मार्ग सांगून झाला: सांधा खाली असलेले कलम निवडणे, ते दोन-तीन वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळे वाढू देणे आणि सांधा भरून आल्यावरच उथळ कुंडीत आणणे. या काळात खुंटातून येणारे फुटवे निर्दयपणे काढायला हवेत. जंबेरीचा एक फुटवा मोकळा सोडला तर तो दोन पावसाळ्यांत संत्र्याला मागे टाकतो. काटेरी, जोमदार झाड हाती राहिले असे वाटावे इतका तो माजतो.

दुसरा मार्ग मला सर्वांत समाधानकारक वाटतो: कलमाच्या सांध्याच्या वर गुटी बांधणे. सांध्याच्या जरा वर खोडाची तीनेक सेंटिमीटर रुंद साल गोलाकार काढायची, आतला निसरडा थर खरवडून टाकायचा, मुळे फुटण्यासाठीचे संजीवक लावायचे, ओले मॉस गुंडाळून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचे. जून-जुलैमध्ये बांधलेल्या गुटीला लिंबू, संत्रे, पेरू, डाळिंब यांत सहा ते आठ आठवड्यांत मुळे दिसू लागतात. मग खालून कापले की सांधा आणि खुंट दोन्ही मागे राहतात. हाती येते ते स्वतःच्या मुळांवरचे, प्रौढ, फळण्याच्या वयाचे झाड. शिवाय सालीच्या कडेने चहूबाजूंनी फुटलेली मुळे नेबारीसाठी अगदी हवी तशी पसरलेली असतात.

यावर बागाईतदार विचारतात, की खुंटाचे गुण गेले त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. खुंट निवडतात तो भारी काळी जमीन, चुनखडी, क्षार, दुष्काळ सोसण्यासाठी. पण बोन्सायची माती आपण स्वतः कालवतो. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडे कुजलेले शेणखत, अशा निचऱ्याच्या मिश्रणात या अडचणी मुळात उरतच नाहीत. डिंक्याची भीती मात्र उरते. म्हणून स्वतःच्या मुळांवरच्या संत्र्याच्या कुंडीत पाणी साचू देता कामा नये.

तिसरा मार्ग उलट दिशेने जातो. रोपवाटिकेचे कलम घ्यायचेच नाही. आधी खुंट बोन्साय म्हणून घडवायचा आणि मग त्यावर हवी ती काडी आपण बसवायची. जाड, गाठाळ, मुळे पसरलेले खोड तयार झाले, की ते खाली कापून मातीलगत पाचर बांधायची किंवा नव्या फुटीवर डोळा भरायचा. यात खोडाचे वय खुंटाचे आणि फळ काडीचे. शिवाय खोडाच्या एखाद्या बाजूला फांदी नसेल, तर त्याच झाडाची लवचीक फांदी खोडाला भोक पाडून, सुईत दोरा ओवावा तशी आरपार नेता येते. दोन्ही जाड होत गेले की आपोआप घट्ट बसतात. मग मागचा भाग कापून टाकायचा. डाळिंब आणि उंबर यांत हे चांगले साधते. मुळे एकाच बाजूला असतील, तर उरलेल्या बाजूंना छोटी रोपे बांधून मुळांचेही कलम करता येते.

झाडागणिक विचार

डाळिंबाला मुळात कलमाची गरजच नाही. गुटी किंवा जून काडीची छाट सहज रुजते, खोड आपोआप पिळवटते, पान बारीक. फळ मात्र मोठे. म्हणून शोभेसाठी बुटक्या जातीचे डाळिंब जास्त शोभते. पेरूचेही तसेच. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळबागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी 1927 साली निवडलेला सरदार पेरू आजही महाराष्ट्रात घरोघरी आहे; त्याची गुटी सहज होते आणि सोलत जाणारी गुळगुळीत साल कुंडीत फार देखणी दिसते.

चिकूचे प्रकरण वेगळे. डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात चिकू खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी त्याच वंशातली, पण वाढीला कमालीची सावकाश. कलम बांधण्याइतकी जाड व्हायलाच तिला दीड-दोन वर्षे लागतात. हा सावकाशपणा शेतकऱ्याला खर्चिक, आपल्याला वरदान. चिकूच्या फांद्या मुळातच थरांनी, आडव्या फुटतात. तार बांधून जे इतर झाडांत वर्षानुवर्षे करावे लागते ते चिकू स्वतःहून करतो. चिकूची गुटी नीट मुळे धरत नाही, म्हणून इथे सांधा काढून टाकण्याच्या भानगडीत न पडता खाली बांधलेले कलम शोधणे आणि खिरणीची मुळे जपणे हेच योग्य.

बोराचा खुंट कणखर, साल भेगाळ, पान लहान, उन्हाळ्यात पाने झडून विश्रांती. बागेत बोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये करतात. तीच वेळ कुंडीतल्या बोरालाही मानवते. नव्या फुटीवर पावसाच्या सुरुवातीला डोळा भरता येतो. पण उमराणसारख्या मोठ्या फळाचा डोळा भरण्यात मला अर्थ वाटत नाही. जळगावच्या मेहरुणच्या बोरांसारखे आटोपशीर फळ हवे. किंवा सरळ गावठी बोर तसेच ठेवावे.

आंबा हे सर्वांत अवघड झाड आणि सर्वांत जास्त मागणी असलेलेही. पान लांब, फुटी झुबक्याने शेंड्यावर, गुटी जवळजवळ होतच नाही. मोहोर येतो तो पक्व झालेल्या फांदीच्या टोकावर. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास छाटणी केली की त्या वर्षाचा मोहोर हातचा गेला. छाटायचे ते फळ उतरल्याबरोबर, जूनच्या आसपास, म्हणजे पावसाळ्यातली पालवी थंडीपर्यंत जून होईल. बागांत हापसाला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात पॅक्लोब्युट्राझॉल देतात. ते वाढीचे संजीवक रोखते, मातीत दीर्घकाळ टिकते. कुंडीतल्या दोन ओंजळी मातीत ते टाकण्याचा मोह टाळावा; बागेत पसरून जाणारी मात्रा इथे मुळांशी कोंडून राहते.

फळ लहान होत नाही

बोन्सायमध्ये पान लहान होते. फांद्यांची संख्या वाढली, मुळे आटोक्यात राहिली की पुढच्या पिढीची पाने निम्म्याने छोटी येऊ शकतात. फूल आणि फळ मात्र जवळपास मूळ आकाराचेच राहतात. हातभर झाडाला पावशेराचा आंबा लागला, तर ते गंमत म्हणून ठीक आहे. प्रमाणाच्या दृष्टीने ते झाड उरत नाही, फळाचा स्टँड होतो. म्हणूनच जपान्यांनी हिमेरिंगोसारखी बोराएवढी सफरचंदे निवडली. आपल्याकडे रोपवाटिकांत ‘चायनीज ऑरेंज’ म्हणून मिळणारे छोटे संत्रे, कुमक्वाट, करवंद, आवळा, गावठी बोर ही त्या वाटेवरची झाडे.

फळ हे कुंडीतल्या झाडावरचे कर्जही असते. मोजक्या पानांनी ते फेडायचे असते. दहा फळे धरली तर दोन-तीन ठेवावीत, तीही जाड फांदीवर. आणि एक वर्ष फळवल्यावर पुढच्या वर्षी फुले खुडून झाडाला विसावा द्यावा. प्रदर्शनात फळांनी लगडलेले स्वस्त झाड दिसले तर म्हणूनच चार गोष्टी पाहाव्यात. सांधा कुठे आहे, मुळे सगळीकडे पसरली आहेत की एकच दांडा मातीत खुपसला आहे, खोड वर निमुळते होते का, आणि फांद्यांना पोटफांद्या आहेत का. चारही उत्तरे निराशाजनक असतील, तर ते दोन-तीन वर्षांचे साधे कलम किंवा फळासकट उतरवलेली गुटी आहे. त्यात फसवणूक असेलच असे नाही. मात्र बोन्सायची किंमत देण्याचे कारण नाही.

काडी कुठून घ्यावी

आतापर्यंत मी कलमाकडे साधन म्हणून पाहिले. पण बोन्सायसाठी स्वतः कलम बांधायचे ठरवले, की काडी कोणत्या झाडाची, हा प्रश्न येतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटू लागला आहे.

कोकणात रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला घरातले नाव असे: शेंदऱ्या, शेप्या, खोबऱ्या, गोटी. हे प्रत्येक झाड कोयीपासून उगवलेले, म्हणून जगात एकच. ते पडले की ती चव संपली. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकाठची जुनी झाडे मोठ्या संख्येने गेली. शहरांत वाडे पाडून इमारती उठतात तेव्हा परसातले लिंबू, चिकू, आंबा मोजणीतही नसतात. ज्यांनी त्या झाडाखाली उन्हाळे काढले ते तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहायला जातात. त्यांच्याकडे जमीन नसते. कठड्यापाशी दोन कुंड्यांची जागा असते.

माझ्याकडे अशा एका रायवळाचे कलम आहे. मूळ झाड माझ्या आजोळच्या परसात होते. आता तिथे घरही नाही आणि परसही नाही. हे कलम बोन्साय म्हणून कोणत्याही परीक्षकापुढे उभे राहणार नाही. पान मोठे आहे, सांधा नीट पाहिला तर दिसतो, आणि फांद्या डावीकडे जास्त आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्याला धरलेल्या चारपैकी एक फळ मी ठेवले. ते माझ्या मामेबहिणीला कापून दिले तेव्हा ती काही बोलली नाही. कोय मात्र धुऊन, कागदात गुंडाळून घरी घेऊन गेली. त्या कोयीतून तोच आंबा येणार नाही हे तिलाही माहीत आहे.

तरी कुंडी म्हणजे जतन नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. मे महिन्यात आठ दिवस गावाला गेलो आणि पाणी घालणारा विसरला, की कुंडीतला वंश संपतो. कुंडीतले झाड आठवण सांभाळते. वंश सांभाळायला जमीन लागते. म्हणून एका झाडाची तीन कलमे बांधावीत: एक कुणा नातलगाच्या किंवा मित्राच्या जमिनीत, एक गावातल्या रोपवाटिकेकडे आणि एक आपल्या कुंडीत. जात खरोखर वेगळी आणि गुणाची असेल, तर 2001 च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याला आपला वाण नोंदवण्याचीही सोय आहे.

ज्यांच्या घरामागे असे झाड अजून उभे आहे, त्यांच्यासाठी कामाचा क्रम लिहून ठेवतो. येत्या उन्हाळ्यात झाड फळेल तेव्हा फळाचा आकार, चव, पिकण्याचा महिना वहीत टिपावा आणि निरोगी फळत्या फांद्यांना रंगाची खूण करावी. लिंबूवर्गातले झाड असेल तर पाने पिवळी पडून शेंडे मरत नाहीत ना हे नीट पाहावे, कारण ट्रिस्टेझासारखा विषाणू डोळ्यातूनच नव्या झाडात जातो. पावसाच्या तोंडावर तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी, शेंड्याचा डोळा टपोरा असलेली काडी निवडावी. कापण्यापूर्वी आठवडाभर तिची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळा फुगतो. कापल्यावर काडी ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी. ती दोन-तीन दिवसांचा प्रवास सहज सोसते. कलम बांधणारा माणूस जवळच्या रोपवाटिकेत मिळतो. त्याला एवढेच सांगावे, की सांधा जमेल तितका खाली बांध. तो कारण विचारील. तेव्हा कुंडी दाखवावी.